पी इ मार्गालच्या रस्त्यावरून

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या आतेभावाने लिहिलं, 'वेगळा विदर्भ मागणारे फुटीर आहेत. आज विदर्भ दिला, तर उद्या प्रत्येक जिल्हा वेगळा निघेल.' फुटीर! आमचं मूळ घर अमरावतीजवळ, हे तो विसरला असेल. मी नाही विसरलो.

बार्सिलोनात मी राहतो त्या रस्त्याला पी इ मार्गालचं नाव आहे. जुआनिकला मेट्रो पकडताना रोज ती पाटी दिसते. १८६८च्या क्रांतीनंतर स्पेनमध्ये संघराज्यवादी प्रजासत्ताक पक्ष उभा राहिला, त्याचा मेंदू म्हणजे फ्रान्सेस्क पी इ मार्गाल. देश वरून वाटलेल्या अधिकारांवर नाही, बरोबरीच्या लोकांनी राजीखुशीने केलेल्या करारावर उभा राहतो, हे त्याचं म्हणणं. फेब्रुवारी १८७३मध्ये प्रजासत्ताक आलं, जूनमध्ये तो अध्यक्ष झाला. जुलैत आलेल्या घटनेच्या मसुद्यात १७ राज्यं होती, क्यूबा आणि पोर्तो रिकोसुद्धा.

पुढचंही सांगतो, नाहीतर आतेभाऊ सांगेल. घटना मंजूर होण्याआधीच १२ जुलैला कार्ताहेना शहराने वेगळी चूल मांडली, मागोमाग वालेन्सिया, सेविया, ग्रानादा. ही पीच्याच पक्षातली उतावळी माणसं. तो त्यांना चिरडण्याऐवजी बोलणी करू पाहत होता, त्यात १८ जुलैला त्याला पायउतार व्हावं लागलं. जानेवारीत जनरल पावियाच्या सैनिकांनी संसदच रिकामी केली. म्हणजे आतेभावाची भीती खोटी नाही. पण करार पाळण्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही, राग त्याचा आहे.

कारण करार आपल्याकडेही झाला होता. १९५३चा नागपूर करार. निधी आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात बसायचं. त्याच्या जोरावर विदर्भ संयुक्त महाराष्ट्रात आला. राज्यांची फेररचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगाने तर १९५५मध्ये वेगळं राज्यच सुचवलं होतं. आज त्या करारातलं डोळ्यांना दिसतं ते हिवाळी अधिवेशन, तेही घाईघाईत उरकलेलं. मग फुटीर कोण?

इथे मुलीच्या शाळेची पत्रं इथल्या कॅटलान भाषेत येतात आणि त्याने स्पेन मोडत नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं. १ ऑक्टोबर २०१७ला कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात मतदान केंद्रांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, ते मात्र लिहिलं नाही. सोयीचं तेवढंच सांगितलं.

आणि आणखी एक. इथे कुणी 'कुठले?' विचारलं, की इतकी वर्षं मी 'मुंबई' म्हणत आलो. अमरावती समजावून सांगायचा कंटाळा, दुसरं काही नाही. मुंबईत मी उणीपुरी तीन वर्षं काढली. गेल्या आठवड्यात मुलीच्या वर्गात भिंतीवर नकाशा लावला, प्रत्येकाने आपल्या गावावर टाचणी टोचायची होती. तिने मुंबईवर टोचली.