फोडणीतली मोहरी फेकू नका

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मोहरीच्या तेलात निम्मं ‘इरुसिक’ विष असतं, नाकात जाणारा झणका त्याचाच, १९९८ मध्ये दिल्लीत माणसं त्यानंच दगावली. तेव्हा फोडणीतली मोहरीही बंद करा आणि ओमेगा-३ साठी करडईचं तेल खा.

‘निम्मं’ हे जवळपास खरं आहे. आपल्याकडच्या मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल साधारण ४० ते ५० टक्के असतं. ते भरपूर खाऊ घातलेल्या उंदरांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबी साठलेली दिसली. त्यावरून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये वजनाच्या दर किलोमागे रोज ७ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. प्राण्यांना अपाय न झालेल्या मात्रेच्या ती शंभरपट खाली आहे. तरी रोजचा स्वयंपाक मोहरीच्याच तेलात होत असेल तर चमचाभरातच ओलांडली जाते, हे मान्य करायला हवं.

पण आपल्याकडे मोहरी येते फोडणीत. एक ग्रॅम मोहरीत तेल साधारण एक तृतीयांश. त्यातलं निम्मं इरुसिक धरलं तरी १७० मिलिग्रॅमच्या आसपास, तेही पातेलंभर आमटीत, चार ताटांत वाटलेलं!

झणका तर इरुसिकचा नाहीच. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं रसायन आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) वेगवेगळं साठवलेलं असतं. दाणा चिरडून पाणी लागलं की दोन्ही भिडतात आणि ॲलिल आयसोथायोसायनेट हे झोंबरं रसायन तयार होतं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी येतं ते यामुळे. कडकडीत तेलात विकरच निकामी होतं, म्हणून फोडणीची मोहरी तशी झोंबत नाही. ‘पुसा मस्टर्ड ३०’ या वाणात इरुसिक २ टक्क्यांखाली आणलंय, झणका मात्र शाबूत आहे.

दिल्लीत माणसं दगावली ती भेसळीनं. तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल होतं, आणि अंगावर सूज आणणारं सँग्विनारिन त्यातलं.

करडई आपल्या जिल्ह्याची, तिचं तेल जरूर खा. पण नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. ओमेगा-३ नावालाच. मोहरीच्या तेलात ते दहाएक टक्के असतं, आणि मोहरीच्याच कुळातल्या अळिवाच्या तेलात तीसेक टक्के.