मांजरच ना?

आज सकाळी अण्णांना फोन आला. नात्यातलेच एक काका, नाव कशाला घेऊ. हळकुंडी गेल्याचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं. "अहो, मांजरच ना? त्यात काय एवढं! दुसरं आणा, गल्लीत ढिगानं पडलीत." वर हसले. अण्णा "हो, हो, खरंय" म्हणाले, फोन ठेवला आणि पेपर उघडून बसले. कितीतरी वेळ तेच पान.

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

हळकुंडीला अण्णांनी मार्केट यार्डातून आणलं होतं. ते हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, आणि गोदामात उंदरांसाठी मांजरं असायचीच. पोत्यांच्या थप्पीमागे सापडलेलं पिवळं पिल्लू, त्यात पंजे हळदीनं माखलेले. दुसरं नाव सुचणार तरी काय? पिवळी मांजरं बहुतेक बोकेच असतात, ही मात्र भाटी निघाली. अण्णांना त्याचाही अभिमान, जणू यांनीच काहीतरी केलं होतं.

पुराची गोष्ट तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी ऐकली आहे. पुन्हा ऐका. ऑगस्ट 2019, सांगली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि कृष्णा 57 च्या वर गेलेली. गावभागातल्या आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करत पाण्यात चाललेल्या. बोट आली. माणशी एकच पिशवी, बोटीवरच्या पोरानं बजावलं. आईनं देव्हाऱ्यातले देव घेतले. अण्णा म्हणाले, "दे, मी धरतो." आईला केवढं कौतुक! लग्नानंतर पहिल्यांदाच यांना देवांची काळजी. मारुती चौकाच्या आसपास पिशवी हलली.

"काका, काय हाय पिशवीत?"

"देव."

"देव म्याव म्हनत्यात व्हय?"

सगळी बोट हसली. चहूकडे पाणी, घरदार बुडालेलं, आणि माणसं हसत होती. आई तेवढी नाही. "अन्नपूर्णेच्या शेजारी त्या कार्टीला बसवलंत?"

हो, माहीत आहे. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, दावणीला बांधलेली गुरं जागेवर बुडाली, त्यापुढे आमच्या मांजराचं काय कौतुक. मान्य. पण काकांना त्या गुरांचं दुःख होतं म्हणून ते हसले नाहीत ना आज!

आणि हेच काका बरं का, लहानपणी आम्हाला दम द्यायचे, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. म्हणजे मारलं तर सोनं द्यायचं, आणि आपणहून मेलं तर "मांजरच ना"? मांजर आडवं गेलं की अजूनही चार पावलं मागे येतो हा माणूस. तेव्हा बरं ते मोठं असतं!

जाऊ दे. रक्तदाब वाढवून घेण्यात अर्थ नाही.

शेवटी किडन्या गेल्या तिच्या. म्हातारपणी मांजरांना हे फार होतं म्हणे. आधी पाणी जास्त प्यायला लागतात, मग खाणं सुटतं, अंगावरचं मांस उतरतं, आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं बरंच काम थांबलेलं असतं. डॉक्टरांनी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली, मांडीवर हळकुंडी, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई. पाठीवर पाण्याचा फुगवटा यायचा आणि हळूहळू पायाकडे उतरायचा. हे कोण करत होतं? अण्णा. स्वतःचं इन्सुलिन आजही आईकडून टोचून घेणारा, सुई दिसली की डोळे मिटणारा माणूस. ती गुरगुरायची, एकदा चावलीसुद्धा. हे तिलाच "सॉरी" म्हणाले. आम्हाला जन्मात कधी म्हणाले नाहीत.

परसात कढीपत्त्याजवळ पुरलं तिला, मीठ घालून. खड्डा अण्णांनीच खणला, कुणाला कुदळ लावू दिली नाही.

आणि आईचं सांगायचं राहिलंच. पुरात त्या पिशवीत हळकुंडीनं बाळकृष्णाला ओलं केलं होतं. मिरजेला आत्याकडे पोचल्यावर आईनं देवांना पंचामृताचा अभिषेक घातला आणि उरलेलं दूध तिलाच पाजलं. शिव्या देत देत. आज काकांचा फोन झाल्यावर तीच म्हणाली, "यांच्या घरचं कुणी गेलं की मीही अस्संच म्हणणार." म्हणणार नाही ती. पण म्हणाली हे मला फार बरं वाटलं.

काका फेसबुकवर आहेत. वाचतीलच. वाचू देत.

सांगलीत असाल तर संध्याकाळी घरी या. अण्णांना पुराचं विचारा. पोहे मिळतील, चहा मिळेल, गोष्ट रंगवून सांगतील, त्यात बोट दरवेळी थोडी लहान आणि पाणी थोडं जास्त असतं, तिकडे लक्ष देऊ नका. फक्त कुणाकडे पिल्लं झाली असतील तर ती बातमी सध्या मला इनबॉक्समध्ये द्या, त्यांना नको.