‘एएमडी६४’ फाइलविषयी खुलासा
‘नावात एएमडी६४ असलेली, उबुंटू (संगणक चालवणारी एक प्रणाली) बसवण्याची फाइल इंटेलच्या संगणकावर चालत नाही’ असा संदेश राजारामपुरीतल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांतून सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. १९७८ च्या ८०८६ या चिपपासून चालत आलेली या संगणकांच्या प्रोसेसरची रचना मूळची इंटेलचीच असली, तरी तिचा ६४ बिटी (एका वेळी ६४ बिट हाताळणारा) विस्तार एएमडी या प्रतिस्पर्धी चिप कंपनीने केला आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन चिपमधून बाजारात आणला. इंटेलने त्याआधी इटॅनियम ही निराळीच रचना पुढे केली होती, पण तिच्यावर जुने प्रोग्राम रखडत चालत. एएमडीच्या चिपवर ते जसेच्या तसे धावत. अखेर २००४ मध्ये इंटेलनेही हाच विस्तार स्वीकारला (नाव मात्र स्वतःचे दिले!). फाइलींवर एएमडीचे नाव तेवढे टिकून राहिले, म्हणून इंटेलच्या ६४ बिटी संगणकावरही तीच फाइल घालावी.