नुसतं गोळाच केलं ना?

आज एका डोहाळजेवणात जेवता जेवता लोकसाहित्य जमवणाऱ्या सरोजिनीबाई बाबरांचा विषय निघाला. आमचा एक शिकलासवरलेला भाचा जिलबी तोडत म्हणाला, "पण मावशी, त्यांनी स्वतः काय लिहिलं? लोकगीतं नुसती गोळाच केली ना?" घास तिथंच अडकला. पाहुण्यांच्या घरी भांडायचं नाही म्हणून गप्प बसले. इथं बसणार नाही.

नुसतं गोळा करणं म्हणजे काय ते आमच्या आक्काआत्याला विचारा. मी तिच्या ओव्या घ्यायला गेले, मोबाईल समोर धरला, तर बाईनं तोंडच फिरवलं. दोन ओळी म्हणाली आणि थांबली. "आगं, रिकाम्या हातानं ओवी कुठं येती?" शेवटी सूपभर गहू तिच्यापुढं ठेवले. पाखडायला लागली आणि मग जी सुटली, ती थांबेना! एका आत्यासाठी माझा अख्खा दिवस गेला, आणि ती घरचीच होती.

सरोजिनीबाईंनी हे आयुष्यभर केलं. १९२० चा जन्म, वाळवा तालुक्यातलं बागणी गाव. एम.ए., पीएच.डी. झाल्या, आमदार झाल्या, पुढं राज्यसभेत गेल्या. खुर्ची मिळाल्यावर माणसं गाव विसरतात. ही बाई राज्य लोकसाहित्य समितीची अध्यक्ष होऊन पाळणे, डोहाळे, हादग्याची गाणी, शेतात काम करताना म्हणायची भलरी असलं सगळं छापत बसली. वडिलांच्या, म्हणजे कृष्णराव बाबरांच्या समाजशिक्षण मालेचं संपादनही होतंच. नव्यानं वाचायला शिकलेल्यांच्या हातात पडतील अशा छोट्या छोट्या पुस्तिका, एकामागून एक, शेकडो.

आणि संपादन म्हणजे काय वाटतं या लोकांना? शुद्धलेखन तपासणं? आक्काआत्या ओवीत भावाचं नाव घेते, म्हणजे माझ्या वडिलांचं. शेजारच्या गावची बाई तीच ओवी म्हणते आणि तिच्या भावाचं नाव घालते. आता ओवी एक की दोन? कुठली ठेवायची, कुठली टाकायची? पुस्तकात 'माहेर' या विषयाखाली घालायची की 'भाऊ' या विषयाखाली? त्यात शहरातला कोणी 'व्हतं'चं 'होतं' करून ठेवतो, 'न्हाई'चं 'नाही' करतो आणि ओवी बसल्या जागी पांगळी होते. हे सगळं ज्याला निस्तरावं लागतं त्याला आपण म्हणायचं, स्वतः काय लिहिलं!

बरं, मान्य. जुन्या संग्रहांतून गाणाऱ्या बाईचं नाव पुष्कळदा मिळत नाही, आणि ते मला खुपतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी पुण्याजवळच्या मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यांत गाणारणीचं नाव, गाव सगळं आहे. तसंच असायला हवं. चालही कागदावर येत नाही, हेही खरं.

पण नाव नाही म्हणून कामच नाही म्हणायचं? गाणारीचं नाव नाही यावर हळहळायचं आणि जमवणारीचं नाव ठाऊक असून ते वाया घालवायचं, हा कुठला न्याय?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भाच्याचं तरी काय चुकलं म्हणा. त्याच्या घरात मिक्सर आहे, जातं त्यानं हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं बघितलं. सरोजिनीबाई २००८ साली गेल्या तेव्हा तो शाळेत होता. त्याला कोणी सांगितलंच नाही. आम्हीसुद्धा नाही.

आक्काआत्या नव्वदीच्या पुढं आहे. परवा फोनवर म्हणाली, "सुपावर निम्म्याच आठवल्या गं, जात्यावर बसले तर अजून येतील." जातं गावच्या घरात माळ्यावर आहे, त्याचा खुंटा मोडलाय, आणि ते खाली काढायला दोन दणकट माणसं लागतील. शनिवारी कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा. जेवण माझ्याकडं.