अब्राहामाची सुंता आधी की विश्वास आधी?

ख्रिस्ती मतानुसार माणसाचे तारण विश्वासाने होते, नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेमार्फत आलेल्या यहुदी धर्मनियमांच्या, पालनाने नव्हे, असा विषय कट्ट्यावर निघताच आमचा वकील मित्र म्हणाला, "म्हणजे पाप करायला मोकळीकच झाली की!" हा आक्षेप येशूचा प्रेषित पौल याच्याही कानी आला होता, बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने तो स्वतःच मांडून झिडकारला आहे.

इतिहास शिकवणारी मैत्रीण म्हणाली, "अरे, मूळ भांडण चांगले वागावे की नाही याचे नव्हतेच. येशूला मानणाऱ्या परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, सुंता करून घेऊन मोशेचे नियमशास्त्र पाळलेच पाहिजे का, हा प्रश्न होता. अंत्युखिया शहरात त्यांच्या पंक्तीला बसणारा येशूचा शिष्य पेत्र, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे येताच मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला."

पौलाचा युक्तिवाद मात्र अस्सल वकिली आहे. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असा गणला गेला, हे वाक्य बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात येते. सुंतेची आज्ञा येते ती सतराव्यात, अब्राहाम ९९ वर्षांचा असताना. दोन्हींच्या मध्ये त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, म्हणजे अंतर निदान तेरा वर्षांचे, आणि तो नीतिमान ठरला तो सुंतेआधीच. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तर पौल बजावतो की, नियमशास्त्र देवाने अब्राहामाला दिलेल्या वचनानंतर ४३० वर्षांनी आले, त्यामुळे ते आधीचे वचन रद्द करू शकत नाही.

"पण याकोब नेमके तेच वाक्य घेऊन उलटा निकाल देतो," वकील म्हणाला, आणि ते खरेच आहे. याकोब आपल्या पत्रात अब्राहामाने मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवल्याचा, म्हणजे उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातला प्रसंग पुढे करतो आणि माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी नीतिमान ठरतो, असे लिहितो. गंमत अशी की 'केवळ विश्वासाने' हे शब्द बायबलमध्ये येतात ते इथेच, तेही नकारासह. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'केवळ' हा शब्द पदरचा घातला. माझ्या मते दोघे 'विश्वास' हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. याकोबाचा रोख भुतेही धरतात आणि थरथर कापतात अशा नुसत्या मान्यतेवर आहे. पौलाला अभिप्रेत आहे तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये ल्यूथरपंथीयांचे मत फेटाळले आणि १९९९ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय अशा दोन्ही बाजूंनी या विषयावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, हे सांगूनही वकील हटला नाही. "विश्वास हीसुद्धा अटच ना? मग तोही एक नियमच."

मी म्हणालो की, काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी त्याचा हक्क असते, असे पौल म्हणतो. विश्वास ठेवणारा मात्र काहीच कमावत नाही, दिलेले घेतो.

"ठीक आहे, पण एकाने घेतले आणि दुसऱ्याने घेतले नाही, हा फरक कुठून आला?"

"प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनच्या मते विश्वाससुद्धा देवाचेच दान आहे," मैत्रीण म्हणाली.

"मग ज्याला ते दान मिळालेच नाही, त्याच्यावर कोणत्या कलमाखाली खटला चालवायचा?" वकिलाने विचारले. मैत्रीण माझ्याकडे पाहू लागली आणि मी तिच्याकडे.