सदर श्वान

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी परवा मला लिफ्टमधून खाली उतरवलं. त्यांच्या मते मला नाहीच. मी सभासद आहे, मी दिवसभर वर-खाली करत बसले तरी त्यांची हरकत नाही. उतरवलं ते माझ्या खांद्यावरच्या भाजीच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेल्या पिल्लाला. पण पिशवी एकटी जिना चढू शकत नसल्यामुळे तिच्यासोबत चार मजले मलाही चढावे लागले. गुडघा अजून कुरकुरतोय आणि त्याचा आवाज मला मुद्दाम काकांच्या कानावर घालायचा आहे.

पूर्वपीठिका फार नाही. माझी एक मैत्रीण भटक्या कुत्र्यांच्या रेस्क्यूचं काम करते. वारज्यात पुलाखाली तिला हे सापडलं. आई गाडीखाली गेलेली, अंगावर केसांपेक्षा गोचिडं जास्त. शेल्टर भरलेलं, आणि जागा असती तरी एवढ्याशा पिल्लाला तिथे ठेवणं धोक्याचं, कारण पार्व्हो. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि लशी पूर्ण न झालेली पिल्लं पटापट जातात. म्हणून लशी होईपर्यंत आणि घर मिळेपर्यंत अशी पिल्लं कोणाच्या तरी घरी ठेवतात. याला फॉस्टर म्हणतात. ‘अगं, चारच दिवसांचा प्रश्न आहे,’ असं मैत्रीण म्हणाली. हे चार दिवस कुठल्या पंचांगातले ते तिने सांगितलं नाही.

नाव ती ठेवूनच आली होती. वॅफल. हल्ली सुटका झालेल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बेकरीच्या काउंटरवरून येतं. ब्राउनी, ओरिओ, कुकी, मफिन. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये कंपाउंडर यादी वाचायला लागला की भूक लागते. माझ्या आईने पहिल्याच दिवशी त्याचं वाफळ्या केलं आणि तो त्यालाच ओ देतो.

तर लिफ्ट. काका सरकारी खात्यात लेखापरीक्षणातून निवृत्त झालेत. खात्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी लेखापरीक्षण सोडलेलं नाही. एरवी मला ‘अगं’ म्हणतात, कारण मी त्यांच्या मुलीच्या वयाची आहे. ‘मॅडम’ आलं की समजावं, आता उपविधी येणार.

“मॅडम, हे काय आहे?”

“पिल्लू आहे, काका. लस देऊन आणलंय.”

“ते दिसतंय. याचं स्टेटस काय?”

मला क्षणभर वाटलं, व्हॉट्सअ‍ॅपचं विचारतायत. वॅफलचे फोटो मी रोज टाकतेच. पण काकांनी एक पाय लिफ्टच्या दारात ठेवला होता आणि दार त्यांच्या बुटाला धडकून पुन्हापुन्हा उघडत होतं. मागे इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन उभा.

“पाळीव प्राण्यांना लिफ्टची बंदी करता येत नाही, काका,” मी म्हटलं. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना माझ्या फोनमध्ये आहेत. पुण्यात कुत्रा सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्या असतात, मुलांच्या फोटोंच्याही वर.

“करेक्ट,” काका म्हणाले, “त्या मीही वाचल्यात. पाळीव असेल तर प्रश्नच नाही. हा तुमचा पाळीव आहे?”

“म्हणजे... सांभाळतेय. घर मिळेपर्यंत.”

“म्हणजे तुमचा नाही.”

“नाही.”

“मग कोणाचा?”

“कोणाचाच नाही. म्हणून तर घर शोधतोय.”

“म्हणजे भटका.”

“भटका कसा? चौथ्या मजल्यावर राहतो तो!”

काकांनी खिशातून चष्मा काढला. मग कागद काढला. हा माणूस लिफ्टमध्ये चढताना ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023’ ची छापील प्रत जवळ बाळगतो, आणि तिच्यावर पिवळ्या पेनाने रेघा मारलेल्या असतात. “हे बघा,” ते म्हणाले, “नियमांत प्राण्यांचे वर्ग दोन. एक पाळीव. दुसरा रस्त्यावरचे किंवा समाजाच्या मालकीचे. पाळीव असेल तर जबाबदारी मालकाची. दुसऱ्या वर्गातला असेल तर त्याच्या खाण्याची सोय बघणं सोसायटीकडे येतं, त्यासाठी जागा ठरवावी लागते, मुलं खेळतात तिथून आणि जिन्यापासून लांब. आता तुम्ही सांगा, याला कुठल्या रकान्यात टाकू?”

संतापजनक गोष्ट अशी की ते बरोबर होतं. दोनच वर्ग आहेत, मी रात्री पुन्हा वाचलं. पुलाखालून निघालेलं पण अजून कुणाच्या नावावर न लागलेलं पिल्लू नेमकं कुठे बसतं, हे मला तरी त्यात दिसलं नाही. दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांनी माझ्या काखेचा विचार केलेला नाही.

“काका, त्याला परवाना काढते ना महापालिकेचा.”

“काढा. रेबीजचा दाखला आहे?”

“रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर देतात. आता फक्त पार्व्हो-डिस्टेंपरची झाली. तिचाही बूस्टर तीन-चार आठवड्यांनी.”

“म्हणजे परवाना नाही.”

“अजून नाही.”

“मग जमिनीवर ठेवा आणि जिन्याने चालवत न्या.”

“लशी पूर्ण झाल्याशिवाय जमिनीवर ठेवायचं नसतं! म्हणूनच तर पिशवीत आहे!”

“मॅडम,” इस्त्रीवाला म्हणाला, “मी जाऊ का? सहाव्या मजल्यावर लग्नाचे कपडे आहेत.”

त्याला कोणी उत्तर दिलं नाही. काका आता फॉर्मवर आले होते. आमच्या सोसायटीचा राहणाऱ्यांचा एक फॉर्म आहे, त्यात तीन चौकोन: मालक, भाडेकरू, पाहुणा. “तुम्हाला याचं भाडं येतं का?” काकांनी अत्यंत गांभीर्याने विचारलं. मी म्हटलं, येत नाही, उलट औषधं, दूध न पचणाऱ्या पिल्लांचं वेगळं फूड, गोचिडांचे थेंब, सगळं माझ्याच खिशातून. “म्हणजे भाडेकरू नाही,” त्यांनी एक चौकोन मनातल्या मनात खोडला. “मग पाहुणा. पाहुणा जाणार कधी?”

“घर मिळालं की.”

“असं उत्तर देणाऱ्याला आपण भाडेकरू म्हणूनसुद्धा ठेवत नाही, मॅडम.”

इथे माझा तोल सुटला आणि मी महाभारतात शिरले. काका दर गुरुवारी प्रवचनाला जातात, म्हटलं तिकडून काही पाझर फुटेल. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, भाऊ पडले, शेवटी युधिष्ठिर आणि एक कुत्रा उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, तू चल, कुत्रा चालणार नाही. युधिष्ठिर म्हणाला, मग मीही येत नाही. “म्हणजे बघा काका,” मी म्हटलं, “साक्षात स्वर्गाच्या वाहनातही हा प्रश्न येऊन गेलाय.”

काका विचारात पडले. दार तेवढ्यात दोनदा त्यांच्या बुटावर आपटलं.

“पण तो कुत्रा शेवटी प्रत्यक्ष धर्म निघाला,” ते म्हणाले. “तुमच्याकडे तसा काही दाखला आहे का?”

वॅफलने याच क्षणी पिशवीत शू केली. पिशवी कापडी होती. धर्म म्हणून सिद्ध होण्याची त्याची शक्यता तिथे संपली, आणि मी जिन्याकडे वळले. इस्त्रीवाला लग्नाच्या कपड्यांसह सन्मानाने वर गेला.

शूवरून आठवलं. फॉस्टर करणाऱ्याला वर्तमानपत्रांचं जे ज्ञान होतं ते संपादकांना नसतं. रोजचा मुख्य अंक चांगला शोषतो. रविवारची पुरवणी ठीक. पण बिल्डरांच्या जाहिरातींची गुळगुळीत पानं काही कामाची नाहीत, त्यांवरून सगळं घरंगळत थेट सोफ्याखाली जातं. ‘निसर्गाच्या कुशीत तीन बीएचके’वर पिल्लू घसरून पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि फिनाइल नुसतं वासाला. पार्व्होला ते जुमानत नाही, ब्लीच पाण्यात कालवून पुसावं लागतं. माझ्या तीन सलवारींवर आता पांढरे ठिपके आहेत. बांधणीच म्हणून घालते आहे.

काकांचा राग मी समजू शकते. लहान मुलांना कुत्री चावतात, रेबीज झाला की माणूस वाचत नाही, यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. पण राग करायचा तर पूर्ण बातमी वाचून करावा. 2025 च्या 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या परिसरातली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितली, ती बातमी आमच्या ग्रुपवर चोवीस जणांनी टाकली, टाळ्यांसकट. 22 ऑगस्टला त्याच न्यायालयाने आदेश बदलला, की नसबंदी आणि लसीकरण करून जिथून आणली तिथेच सोडा, फक्त रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका. ती बातमी एकट्या मी टाकली. खाली कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

आणि काका निदान समोर येऊन भांडतात. मला जास्त राग येतो तो ‘किती गोड!’वाल्यांचा. जाहिरात टाकली की पन्नास बदाम येतात. ‘मीच घेतला असता गं, पण आमचा सोफा नवा आहे.’ ‘जागा असती तर लगेच नेला असता’, हे बंगल्यात राहणाऱ्या बाई. फोन येतात तेही ऐकण्यासारखे. एकाला मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं होतं, बायकोलासुद्धा सरप्राइज. एकाला मुळशीच्या फार्महाऊसवर राखणीला हवा होता. तिथे राहणार कोण, विचारलं तर म्हणाले, तोच. एका गृहस्थांनी तासभर चौकशी केली. कान उभे राहतील का, मोठा झाल्यावर रंग उतरेल का, आईच्या बाजूला कोणी चावरं होतं का. मग म्हणाले, “म्हणजे गावठीच ना?” हो म्हटल्यावर ‘घरात विचारून सांगतो’ असं म्हणून गेले ते गेलेच. मैत्रिणीच्या ग्रुपमधल्या एका अनुभवी बाईंनी सल्ला दिला, “जर्मन शेफर्ड मिक्स लिहा, दोन दिवसांत जातो.” कान बघून लिहा म्हणे, उजवा जरा तसा आहे. या देशाच्या हवेत हजारो वर्षं तगून राहिलेलं कुत्रं, फार लाड न करता धडधाकट राहणारं, आणि त्याला घरात घ्यायला जर्मन आजोबा लागतात. मी लिहिलं नाही. म्हणून वॅफल अजून माझ्याकडे आहे आणि सध्या माझी डावी चप्पल खातोय.

महिन्याचं देखभालीचं बिल आलं. तळाशी नवी ओळ: इतर – 250. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, कमिटीने ठरवलं, सदर श्वानाबाबत. पत्रात आता त्याचं नाव ते आहे: सदर श्वान. मी म्हटलं, फ्लॅट भाड्याने दिला तरी बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, 2001 पासून शासनाचा तसा निर्णय आहे, आणि 250 म्हणजे माझ्या हिशेबाने जास्त होतात. पलीकडे काका खूश झाल्याचं मला ऐकू आलं. समोरच्याने शासन निर्णय काढला की त्यांना माणूस भेटल्यासारखं वाटतं. “वा,” ते म्हणाले, “पण ती मर्यादा फ्लॅटला आहे. श्वानाला नाही.” मी पैसे भरले. निषेध नोंदवून भरले. निषेधाची पोच मिळाली, तारखेच्या शिक्क्यासह.

आणि मग चिंचवडचं एक जोडपं आलं. दोघंही शांत. जमिनीवर बसले, वॅफलला स्वतःहून येऊ दिलं, गावठी का म्हणून विचारलं नाही. मैत्रीण घर बघून आली, बाल्कनीला जाळी आहे, आजी घरी असतात. फॉर्म भरला, सहा महिन्यांचा झाला की नसबंदी करू असं लिहून दिलं, दर महिन्याला फोटो पाठवायचं कबूल केलं. सगळं ठरलं. एकच अडलं. त्यांच्या सोसायटीच्या चेअरमननी अट घातली, की श्वान आधी ज्या इमारतीत राहत होता तिथलं ना-हरकत पत्र आणा, उपद्रव नव्हता असं.

गेले काकांच्या घरी. दत्ताच्या तसबिरीखाली बसले होते. तसबिरीत चार कुत्री, कोणीही हरकत न घेतलेली. काकूंनी चहा दिला, आणि आत जाता जाता पिशवीत हात घालून वॅफलला अर्धं पारले-जी देऊन गेल्या. काकांनी तिकडे पाहिलं नाही. अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला.

“हे पत्र देता येणार नाही, मॅडम. सदर श्वान या इमारतीत वास्तव्यास होता असं त्यात लिहावं लागेल. आपल्या दप्तरी तशी नोंदच नाही.”

“नोंद नाही? काका, 250 रुपये घेतलेत तुम्ही त्याचे! पावती आहे माझ्याकडे!”

“आहे ना,” काका शांतपणे म्हणाले. “पण ती ‘इतर’मध्ये आहे.”