सीपॅप म्हणजे वेळकाढूपणा नव्हे

‘अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धाप लागली की लगेच नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्या, फुप्फुसांना विश्रांती मिळते. सीपॅप म्हणजे वेळकाढूपणा, आणि हाय फ्लो त्यातलाच प्रकार,’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. सीपॅप म्हणजे बाळ स्वतः श्वास घेत असताना नाकातून सतत ठरावीक दाबानं हवा देणं; हाय फ्लो म्हणजे बारीक नळ्यांनी नाकात जोराचा हवेचा प्रवाह सोडणं.

विश्रांतीचं आधी. फुप्फुसं मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ कमी असल्यानं या बाळांचे वायुकोश दर उच्छ्वासाला मिटतात. यंत्रानं ते पुन्हा पुन्हा दाबून उघडले किंवा जास्त फुगवले, तर इजाच होते. म्हणून व्हेंटिलेटर लागलाच तर एका श्वासाला किलोमागे ४ ते ६ मिलिलिटरच हवा द्यायची. २०१० च्या ‘सपोर्ट’ चाचणीत गर्भारपणाच्या २४ ते २७ आठवड्यांत जन्मलेली १३१६ बाळं होती. सीपॅपनं सुरुवात केलेल्यांत मृत्यू किंवा फुप्फुसांचा दीर्घ आजार वाढला नाही, व्हेंटिलेटरचे दिवस मात्र कमी लागले. सीपॅपही निर्धोक नाही: २००८ च्या ‘कॉइन’ चाचणीत ८ सेंमी (पाण्याच्या उंचीत मोजलेल्या) दाबानं सुरुवात केल्यावर छातीत हवा साठण्याचं प्रमाण ९ टक्के होतं, नळी टाकलेल्या गटात ३.

वेळ वाया जातो तो सीपॅप नीट न लावल्यानं. दाब ५ ते ६ सेंमीवर सुरू करा. प्रॉन्ग्ज, म्हणजे नाकात बसणाऱ्या दोन छोट्या नळ्या, नाकपुडी भरतील एवढ्या हव्यात, पण कातडी पांढरी पडता कामा नये, आणि नाकाच्या पडद्यापासून दोन मिलिमीटर तरी अंतर हवं. पडद्याला टेकल्या की जखम ठरलेलीच. बबल सीपॅपमध्ये नळीचं टोक पाण्यात बुडवून दाब राखतात; त्याचे बुडबुडे थांबले तर गळती शोधा: तोंड उघडं आहे का, प्रॉन्ग्ज लहान आहेत का, सांधा सुटलाय का. हवेच्या नळीत साचलेलं पाणी काढत राहा. पोट फुगू नये म्हणून तोंडातून जठरात घातलेली नळी उघडी ठेवा. एवढं करूनही ६ सेंमीवर ऑक्सिजन ३० टक्क्यांहून जास्त लागत असेल, तर थांबू नका. बाळ स्वतः श्वास घेत असेल तर सीपॅप चालू ठेवूनच बारीक नळीनं सर्फॅक्टंट देता येतं. श्वास वारंवार थांबत असेल किंवा कार्बन डायऑक्साइड चढतच असेल, तर मात्र व्हेंटिलेटर हवाच, आणि तोही वेळेत.

हाय फ्लोचं गणित वेगळं आहे. त्यात नाकातला दाब मोजला जात नाही. तो गळतीप्रमाणे बदलतो. २०१६ च्या ‘हिपस्टर’ चाचणीत २८ आठवड्यांपुढच्या बाळांत पहिला आधार म्हणून हाय फ्लो २५.५ टक्के बाळांत अपुरा पडला, सीपॅप १३.३ टक्क्यांत. व्हेंटिलेटरची नळी काढल्यानंतर, २८ आठवड्यांपुढच्या बाळांना तो चांगला चालतो. मात्र त्याच्या प्रॉन्ग्ज निम्मीच नाकपुडी व्यापतील एवढ्या बारीक निवडा. सीपॅपसारख्या घट्ट बसल्या तर हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दाब नकळत चढतो.